एका खणाने सरकलेला तलाव

थोरला साडू पेट्या बनवायचा आणि धाकटा साडू स्क्रीन. थोरल्याची पेटी म्हणजे लोखंडी कपाटात बसणारा कंट्रोलर. हीटर कधी लावायचा, पंप कधी बंद करायचा, हे सगळं ती पेटी ठरवायची. धाकट्याचा स्क्रीन भिंतीवर बसायचा, आणि त्यावर बोट टेकवून माणसांनी पेटीला हुकूम सोडायचे. म्हणजे एकाचं दुसऱ्यावाचून अडावं असा धंदा. तरी लग्नं होऊन इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एकही काम मिळून केलं नव्हतं. दोघं एका टेबलाशी बसले की पाणी किती अंशांना उकळतं यावरही त्यांचं जमायचं नाही. थोरला म्हणायचा शंभर. धाकटा म्हणायचा, "कुठल्या उंचीवर, ते आधी सांगा."

त्यांना एकत्र आणलं ते सासूबाईंनी. सासूबाईंचा डावा गुडघा कुरकुरायचा म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाण्यातला व्यायाम सांगितला होता. गावातल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावात त्या रोज सकाळी जायच्या. तिथे तीन तलाव होते. एक मोठा, शर्यतीवाल्यांचा. एक लहान मुलांचा, कंबरेएवढा. आणि एक कोपऱ्यातला कोमट पाण्याचा, ज्यात सासूबाई आणि त्यांच्या वयाच्या आठ-दहा जणी गोल उभ्या राहून पाय हलवायच्या आणि त्याहून जास्त तोंड. त्या तलावाला सगळे 'गुडघेतलाव' म्हणायचे. तिथली जुनी यंत्रणा बदलायची ठरली तेव्हा सासूबाईंनी ओल्या टोपीनिशी मॅनेजरबाईंची केबिन गाठली आणि सांगून टाकलं, "बाहेरचा माणूस कशाला? माझे दोन जावई याच धंद्यात आहेत. एक पेटी देईल, एक स्क्रीन देईल."

जावयांना हे दोन दिवसांनी कळलं, आणि तेही आपापल्या बायकोकडून. दोघांनीही आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं, कारण नाही म्हणणं सासूबाईंपर्यंत पोचवायला कुणी तयार होईना.

काम तसं सोपं होतं. थोरल्याच्या पेटीत खणांची एक रांग होती. खरे खण नव्हेत. पेटीच्या आठवणीतले. धंद्यात त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक खणाला एक क्रमांक आणि प्रत्येक खणात एक आकडा. एका खणात मोठ्या तलावाचं तापमान, पुढच्यात मुलांच्या तलावाचं, मग गुडघेतलावाचं, मग शॉवरचं, आणि शेवटी हॉलच्या हवेचं. रांगेत मोठ्या तलावाच्या आधी एक खण घंटेचा होता. पोहण्याची पाळी संपली की वाजणारी ती घंटा किती मिनिटांनी वाजवायची, ते त्यात लिहायचं. स्क्रीनवर आकडा टाकला की तो तारेतून त्या त्या खणात जाऊन पडायचा, आणि आत्ता प्रत्यक्षात किती झालंय तेही त्याच खणातून परत स्क्रीनवर यायचं. कुठल्या खणात काय, ते थोरल्याने एका कागदावर छापून दिलं. मोठा तलाव दहा, मुलांचा अकरा, असं. धाकट्याने ते बघून स्क्रीनमध्ये भरलं. दोघांत बोलणं झालं ते एवढंच:

"क्रमांक नीट भरलेत ना, साडूबुवा?"

"मला वाचता येतं, साडूबुवा."

यंत्रणा सुरू झाली. स्क्रीनवर निळ्या अक्षरांत सगळं शिस्तीत उमटलं. मोठा तलाव सत्तावीस, मुलांचा एकतीस, गुडघेतलाव पस्तीस, शॉवर चाळीस, हॉल चोवीस. मॅनेजरबाईंनी दोघांना चहा पाजला. दोघांनी तो एकमेकांकडे पाठ करून प्यायला.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा थोरलीला फोन आला.

"तुझ्या नवऱ्याने मला उकडायला ठेवलंय."

"काय झालं आई?"

"गुडघेतलावात पाय घातला तर चटका बसला. आम्ही सगळ्या टोमॅटोसारख्या लाल होऊन बाहेर आलो. एकीची तर लिपस्टिक आणि चेहरा वेगळा ओळखू येईना. आणि म्हटलं, चला, शॉवरखाली जरा बरं वाटेल, तर शॉवरला बर्फासारखं पाणी! एका सकाळीत मला दोन्ही ऋतू दाखवले त्याने."

थोरलीने ते नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने तलावावर फोन केला. मॅनेजरबाईंनी स्क्रीनसमोर उभं राहून वाचून दाखवलं, "गुडघेतलाव पस्तीस. शॉवर चाळीस. अगदी बरोबर दाखवतंय."

"मग झालं तर," थोरला म्हणाला, आणि बायकोला सांगितलं, "आईंना म्हणावं, वय झालं की कातडी नाजूक होते."

हे थोरलीने आईपर्यंत पोचवलं नाही. तिला तिचा संसार प्रिय होता.

पण तक्रारी थांबेनात. मुलांच्या तलावात आंघोळीच्या टबासारखं ऊन पाणी झालं होतं. पोरं त्यात उड्या मारायच्या ऐवजी तरंगत पडून राहायची आणि आया त्यांना झोप लागू नये म्हणून काठावरून हाका मारायच्या. घंटेचं तर तंत्रच बिघडलं होतं. पाळी तासाची, पण घंटा अर्धा तास व्हायच्या आतच वाजायची. नवखे लोक घाईघाईने बाहेर पडायचे, अंग पुसायचे, कपडे घालायचे, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शिव्या घालायचे. आणि शॉवरखालून दिवसभर किंचाळ्या येत. मॅनेजरबाईंनी दारावर पाटी लावली: 'शॉवर चालू करताना सावकाश.'

मोठ्या तलावाची गोष्ट सगळ्यात वाईट होती, निदान कोचच्या मते. कोच म्हणजे शर्यतीच्या पोरांना शिकवणारा, शिट्टी गळ्यात नव्हे तर ओठांतच घेऊन जन्मलेला माणूस. मोठ्या तलावाचं पाणी हळूहळू इतकं सुखाचं झालं की गुडघेतलावातून पळालेल्या सगळ्या बायका तिथे येऊन राहिल्या. चार नंबरच्या पट्ट्यात त्यांचं गोल रिंगण. शर्यतीची पोरं सुसाट यायची आणि रिंगणापाशी येऊन अडायची.

"बाई, ही पोहायची जागा आहे!" कोच ओरडला.

"आम्ही काय बुडतोय का?" सासूबाई म्हणाल्या. "पोरांना म्हणावं, वळून जा. तेवढाच व्यायाम जास्त."

कोच मॅनेजरबाईंकडे गेला. "पाणी एकतीस आहे. माझी पोरं शंभर मीटर पोहून जांभया देतात. येत्या रविवारी शर्यत आहे. पाहुणे संघ येणार आहेत. पाहुण्यांसमोर माझी पोरं मध्येच झोपून गेली तर?"

मॅनेजरबाईंनी त्याला स्क्रीन दाखवला. कोचने खिशातून थर्मामीटर काढून त्यांच्या हातात ठेवला. बाई काठावर वाकल्या, थर्मामीटर पाण्यात धरला, एकतीस वाचला, आत येऊन स्क्रीन वाचला, पुन्हा बाहेर गेल्या. शेवटी त्यांनी दोन्ही साडूंना फोन करून सांगितलं, "शुक्रवारी दुपारी दोघंही या. एकेकटे येऊ नका. एकटे आलात की तुम्ही दुसऱ्याचं नाव सांगता."

शुक्रवारी दोघं आले. थोरला कपाट उघडून पेटीपुढे उकिडवा बसला. धाकटा स्क्रीनसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. मॅनेजरबाई दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसल्या.

"पेटी ठणठणीत आहे," थोरला म्हणाला. "तिला सांगाल ते ती करते. तुम्ही सांगता काय, तोच प्रश्न आहे."

"स्क्रीन जे सांगतोय ते सगळ्यांना दिसतंय," धाकटा म्हणाला. "गुडघेतलावाला पस्तीस सांगितलं. पेटीने परत कळवलं की पाणी पस्तीस आहे. आता पेटीच खोटं बोलत असेल तर मी काय करू?"

"माझी पेटी खोटं बोलते?"

"पेटी नाही तर काय आई खोटं बोलतात?"

"आईंना मध्ये आणू नका."

"आईंनीच आपल्याला मध्ये आणलंय!"

मॅनेजरबाईंनी खुर्चीचा पाय जमिनीवर आपटला. "मला एक सांगा. बाकी सगळं बरोबर दाखवतोय, मग मोठ्या तलावाचं आत्ताचं तापमान असं का नाचतं? सकाळपासून बघतेय. आता बघा, एकवीस. मघाशी चौदा होतं."

"ती सेन्सरची तार ढिली असणार," थोरला म्हणाला. "तार कुणी लावली, ते मी बोलत नाही."

"तार तुमच्याच माणसाने लावली."

"म्हणूनच बोलत नाही."

दोघं वाद घालत राहिले. धाकट्याची नजर मात्र स्क्रीनवर होती. बावीस. तेवीस. चोवीस. ढिल्या तारेचा आकडा वेडावाकडा उड्या मारतो. हा एकेक पायरी चढत होता, आणि घड्याळ लावल्यासारखा चढत होता. पंचवीस. सव्वीस. थोरला पेटीविषयी काहीतरी अभिमानाचं बोलत होता. सत्तावीस झाले, आणि बाहेर घंटा घणघणली. काठावर पावलं धपधपली, कुणीतरी "अरे आत्ताच तर आलो!" म्हणून ओरडलं. आणि स्क्रीनवर मोठ्या तलावाचं तापमान शून्य झालं.

धाकट्याला हसू फुटलं. मग इतकं फुटलं की भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"काय झालं?" थोरल्याने चिडून विचारलं.

"साडूबुवा, हे तापमान नाही. ही मिनिटं आहेत. घंटा वाजून किती मिनिटं झाली ती. तुमच्या घंटेच्या खणातला आकडा मी तलावाचं पाणी म्हणून दाखवतोय."

थोरला उठून स्क्रीनपाशी आला. दोघं पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहिले.

"म्हणजे तुमचं सगळं एक खण मागे जातंय," थोरला सावकाश म्हणाला.

"जातंय. मोठ्या तलावाचे सत्तावीस घंटेला गेले. मुलांचे एकतीस मोठ्या तलावाला. गुडघेतलावाचे पस्तीस मुलांना. शॉवरचे चाळीस..."

"आईंना," थोरला म्हणाला.

"आणि हॉलच्या हवेचे चोवीस शॉवरला."

"आणि वाचतानाही तुम्ही एक खण मागचंच वाचताय. शेजाऱ्याला दिलेलं शेजाऱ्याकडूनच परत ऐकताय. म्हणून सगळं बरोबर दिसतंय!"

मॅनेजरबाईंना यातलं निम्मं कळलं, पण कारण सापडलं एवढं पुरे होतं. "वा! मग आता दुरुस्त करा," त्या म्हणाल्या.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग धाकट्याने विचारलं, "साडूबुवा, तुमचा तो कागद कुठून मोजतो? पहिल्या खणाला तुम्ही काय म्हणता?"

"शून्य. अजून काय म्हणणार?"

"शून्य? पहिल्या खणाला शून्य?"

"दारापासून तो किती लांब आहे? शून्य खण लांब. पुढचा एक खण लांब. तारेवरून असंच मोजतात."

"तारेवरून मोजत असतील. माणसं एकापासून मोजतात! जगात कुठलाही मुलगा बोटं मोजताना पहिल्या बोटाला शून्य म्हणत नाही. माझा स्क्रीन माणसांसाठी आहे. त्यात एकापासून लिहायचं, आणि तारेवर पाठवताना तो आपणहून एक वजा करतो. तुमच्यासारख्यांची सोय म्हणून!"

"माझ्या कागदावर आधीच तारेवरचे आकडे आहेत. त्यातून तुमच्या स्क्रीनने आणखी एक वजा केला. असली सोय मागितली होती कुणी?"

"कागदावर लिहायचं होतं, शून्यापासून मोजलंय म्हणून."

"तुम्ही विचारायचं होतं."

"तुम्ही सांगायचं होतं."

मॅनेजरबाईंनी दोन्ही हात वर केले. "चूक कुणाची ते मला नको. कुणीतरी एकाने एक सरकवा की झालं."

पण कुणीतरी एकाने म्हणजे कुणी? सरकवायचं म्हणजे आपण चुकलो असं कबूल करायचं. थोरला म्हणाला, माझी पेटी सगळ्या जगात अशीच चालते, मी एका स्क्रीनसाठी ती का बिघडवू. धाकटा म्हणाला, माझे स्क्रीन शंभर ठिकाणी लागलेत, एका पेटीपायी मी माणसांना शून्यापासून मोजायला शिकवणार नाही. शेवटी दोघं आपापल्या गाडीत बसून गेले, आणि मॅनेजरबाई रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. शर्यत परवावर आली होती.

संध्याकाळी दोन्ही बहिणींचं फोनवर बोलणं झालं. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही, पण फोन ठेवून दोघींनीही आपापल्या नवऱ्याला जवळपास तेच ऐकवलं.

"अहो, जग शून्यापासून सुरू होतं की एकापासून, याचा निकाल माझ्या आईच्या गुडघ्यावर लावायचा का?" धाकटी म्हणाली. "तुम्ही वयाने लहान आहात. लहानाने वाकलं तर काही बिघडत नाही."

धाकटा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. स्क्रीनशी घरूनच जोडून घेता यायचं. त्याने सगळे क्रमांक एकाने पुढे केले. दहाचे अकरा, अकराचे बारा. काम पाच-सात मिनिटांचं होतं. झाल्यावर त्याला बरंच हलकं वाटलं. साडूला मात्र कळवलं नाही. कळवलं असतं तर साडू म्हणाला असता, "बघा, मी सांगत नव्हतो?"

थोरलीनेही नवऱ्याला सांगितलं होतं, "तुम्ही मोठे आहात. मोठ्याने मोठेपणा दाखवायचा नाही तर कुणी?" थोरला रात्रभर तोंड फिरवून झोपला. पण शनिवारी सकाळी तलाव उघडायच्या आधी पोचला, कपाट उघडलं, आणि पेटीतले सगळे खण एकाने मागे सरकवले. आता कुणी नववा खण ठोठावला तरी मोठा तलावच 'ओ' देणार होता. कपाटाचं दार लावताना त्याला आपण फार दिलदार माणूस आहोत असं वाटलं. त्यानेही कुणाला सांगितलं नाही. दिलदार माणूस सांगत सुटत नाही.

मॅनेजरबाईंनी शनिवारी स्क्रीन पाहिला. सगळं बरोबर होतं, आणि मोठ्या तलावाचा आकडाही आता नाचत नव्हता. गुडघेतलाव निवत चालला होता, शॉवरला ऊन पाणी येत होतं. चाळीसच्या जागी पस्तीस आलं होतं खरं, पण गेल्या आठवड्यातल्या किंचाळ्यांनंतर पस्तीसला नावं ठेवायला कुणी धजलं नाही. बाईंनी दोघांनाही आभाराचा मेसेज पाठवला. दोघांनीही तो आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून घेतला.

रविवार उजाडला. पाहुणे संघ आले. प्रमुख पाहुणे म्हणून एक जुन्या काळचे पोहणारे आले होते, काळा कोट आणि गळ्यात टाय. सासूबाई आणि त्यांचं मंडळ पहिल्या रांगेत बसलं. दोन्ही बहिणी होत्या, आणि बायकांनी ओढून आणलेले दोन्ही साडू रांगेच्या दोन टोकांना.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. एवढा मोठा हॉल सावकाश तापत आला होता; जरा उबदार आहे एवढंच वाटलं. मग लोक कागदाने वारा घेऊ लागले. मग कोट उतरले. कोचने भाषण सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला त्याच्या कपाळावरचा घाम शिट्टीत गेला. शिट्टी बुडबुड वाजली. प्रमुख पाहुण्यांनी टाय सोडला, मग वरचं बटण, मग त्याखालचं, आणि मंडळातली एक बाई सासूबाईंच्या कानात म्हणाली, "आता थांबतील तर बरं."

थोरला रुमालाने मान पुसत म्हणाला, "हॉलला चोवीस सांगितलंय ना?"

"सांगितलंय," रांगेच्या त्या टोकावरून धाकटा म्हणाला.

"मग हे काय? चाळिशीची भट्टी आहे ही."

चाळीस म्हटल्याबरोबर दोघंही थांबले. चाळीस हा शॉवरचा आकडा होता.

तेवढ्यात मुलांच्या तलावाच्या बाजूने रडारड ऐकू आली. शर्यतीत नसलेली बारकी पोरं तिथे खेळायला सोडली होती, ती काकडून बाहेर येत होती. "सत्तावीस," धाकटा पुटपुटला. पोरांना मोठ्या तलावाचे सत्तावीस मिळाले होते. गुडघेतलावाला पोरांचे एकतीस, शॉवरला गुडघेतलावाचे पस्तीस, हॉलला शॉवरचे चाळीस. सगळं पुन्हा एका खणाने सरकलं होतं, या वेळी पुढे.

"आणि मोठ्या तलावाला काय गेलं?" थोरल्याने विचारलं, आणि उत्तर त्याचं त्यालाच सुचलं. घंटेची साठ मिनिटं. साठ अंशांच्या पाण्यात सहा पट्ट्यांत पोरं उडी मारायच्या बेतात उभी होती.

"थांबा!" थोरला ओरडला आणि कपाटाच्या खोलीकडे पळाला. धाकटा त्याच्या मागे. काठ ओला होता. थोरला घसरला, धाकट्याने त्याला धरला, दोघं एकमेकांना धरून तसेच सरकत प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि पाहुण्यांसकट पाण्यात पडले.

पाणी एकतीसच होतं. पेटीवर लाल दिवा जळत होता. साठचा हुकूम आला तेव्हा पेटीने तो मानलाच नव्हता. तिने आधीचंच पाणी तसंच ठेवलं होतं.

"तुमच्या पेटीत अक्कल आहे," पाण्यातून डोकं वर काढून धाकटा म्हणाला. साडूबद्दल काही चांगलं बोलायची ही त्याची पहिलीच वेळ.

"लाल दिवा मीच बसवला होता," थोरला खोकत म्हणाला. "पण साडूबुवा, एक सांगा. मी परवाच्या भांडणानंतर गुपचूप पेटी सरकवली. मग हे..."

"तुम्ही सरकवलीत?"

"हो."

"मी स्क्रीन सरकवला."

प्रमुख पाहुणे मध्येच पोहत होते. ते या बोलण्याकडे लक्ष न देता सहज हात मारत काठाला लागले आणि म्हणाले, "पाणी फार छान आहे हो." त्यांना बाहेर काढण्यात कुणी घाई करू नये असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. हॉलमधल्या भट्टीपेक्षा ते पाण्यात सुखी होते.

साडू ओलेचिंब होऊन काठावर आले तेव्हा समोर सासूबाई उभ्या होत्या. मागे दोन्ही मुली.

"काय झालं ते मला सरळ सांगा," सासूबाई म्हणाल्या.

दोघांनी सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे भांडलात तेव्हा मी भाजले, आणि समजूतदार झालात तेव्हा पोरं गारठली."

"मी माझं परत पहिल्यासारखं करतो, आई," थोरला म्हणाला. "चूक माझीच. न सांगता केलं."

"नाही, नाही," धाकटा म्हणाला. "तुम्ही राहू द्या, मी मागे घेतो. तुम्ही मोठे आहात."

"अहो, मोठा आहे म्हणूनच मी घेतो."

"मुळीच नाही, साडूबुवा. मला लाजवू नका."

दोघं इतक्या प्रेमाने भांडू लागले की मॅनेजरबाईंना घाम फुटला. "अहो, दोघांनीही मागे घेतलं तर पुन्हा पहिल्यावर येऊ!" त्या जवळजवळ रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"थांबा सगळे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी थोरल्याच्या हातात आपली पर्स, पोहायची टोपी आणि ओला टॉवेल दिला. "तुम्ही माझ्याशेजारी बसायचं. दोन्ही हातांनी हे धरायचं. पेटीला हात लावायचा नाही, आणि दिलदारपणा मनातही आणायचा नाही. धाकटे, तुम्ही जा. तुमचं तेवढं मागे घ्या, आणि घेतल्यावर मोठ्याने ओरडून सांगा."

धाकटा गेला. थोरला टॉवेल धरून बसला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "घेतलं मागे!" आणि त्यापाठोपाठ हॉलचे पंखे फिरले. गार हवेची पहिली झुळूक आली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कोचला वाटलं टाळ्या त्याच्या भाषणाला आहेत. त्याने भाषण पुढे सुरू केलं.

शर्यत झाली. मोठ्या तलावाचं पाणी एका तासात थोडंच उतरतं, ते एकतीसच राहिलं. कोचची पोरं जांभया देत पोहली. पण पाहुण्या संघांची पोरंही जांभया देत पोहली, आणि कोचच्या पोरांना आठवडाभराचा सराव होता. सगळ्या शर्यती त्यांनीच मारल्या. कोचने नंतर पाण्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही.

पाणी उतरून सत्तावीसवर आलं तेव्हा तक्रार केली ती सासूबाईंच्या मंडळाने. इतके दिवस मोठ्या तलावात हातपाय पसरून झाल्यावर कोपऱ्यातल्या गुडघेतलावात त्यांचा जीव रमेना. त्या मॅनेजरबाईंकडे गेल्या, मॅनेजरबाई कोचकडे गेल्या, आणि जिंकलेला कोच जरा मऊ झालेला असल्यामुळे आठवड्यातली एक सकाळ मोठा तलाव एकतीसला ठेवायचं ठरलं.

त्यासाठी यंत्रणेत एक नवा खण लागणार होता. मॅनेजरबाईंनी दोन्ही साडूंना बोलावलं. या वेळी ते एकाच गाडीतून आले. थोरल्याने नवा कागद टेबलावर पसरला, धाकट्याने शेजारी खुर्ची ओढली.

"हा नवा खण शेवटी जोडलाय," थोरला म्हणाला. "पंधरावा."

"तुमचा पंधरावा की माझा पंधरावा?"

"माझा पंधरावा. तुमचा सोळावा."

धाकट्याने सोळा भरले, मान वर केली आणि विचारलं, "लिहून ठेवू का कागदावर, शून्यापासून मोजलंय म्हणून?"

"ठेवा," थोरला म्हणाला. "पण बारीक अक्षरांत."

मॅनेजरबाईंनी चहा मागवला. चहा येईपर्यंत दोघं थर्मामीटर घेऊन बाहेर गेले, आणि काठावर पँट वर सारून, पाय पाण्यात सोडून, नवा आकडा खरंच तलावापर्यंत पोचतोय का ते बघत बसले. पाणी हळूहळू ऊन होत होतं. किती अंश झाले यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.